बाईंचं खाकरणं

हिंदुरावापुढे साहेब पहिल्यांदा खाकरले, तेव्हा त्यानं स्वतःचं नाव बदललं.

मी बाहेरच्या बाकावर बसले होते. मधे प्लायवूडचं पार्टिशन आणि त्याच्या वर हातभर मोकळी जागा, त्यामुळे आतला शब्द न् शब्द ऐकू येत होता. परीक्षा घ्यायला आलेल्या साहेबांनी जर्मनमध्ये विचारलं, नाव काय? हिंदुराव खणखणीत आवाजात म्हणाला, "माईन नामऽ इस्ट हिंदुराव सुतार." अगदी बरोबर. मग साहेबांच्या घशातून आवाज आला, "ह्म्... ह्म्." लगोलग हिंदुराव आवाज निम्मा करून, घाईघाईनं म्हणाला, "माईन नामऽ... सुतार हिंदुराव इस्ट."

मी पार्टिशनकडे वळून बसले.

शेजारी फाउंड्रीचे मालक भूपालआण्णा मगदूम बसले होते. ते टोपी मागे सरकवून हसले. "काय बाई, नावातच घोळ? अडतीस वर्सं तेच नाव हाय की त्याचं."

"आण्णा, घोळ त्याचा नाही."

"मग कुणाचा?"

घोळ माझा होता, आणि तो मी आठ महिने खपून, प्रेमानं वाढवला होता.

ही गोष्ट कोल्हापुरातल्या उद्यमनगरातली. साल विचारू नका, मी दर वेळी वेगळं सांगते आणि ऐकणारे मग गोष्ट सोडून सालावर भांडत बसतात. माझं लग्न सरनोबतांच्या घरात झालेलं. नवरा गुरांचा डॉक्टर. त्यांच्या पुढच्या शिक्षणापायी चार वर्षं जर्मनीत काढून आम्ही परत आलो होतो. चार वर्षांत त्यांना तिथल्या गाई कळल्या आणि मला तिथली भाषा. परत आल्यावर त्यांच्या विद्येचा उपयोग होता, माझ्या विद्येचा नव्हता. मी फार तर दूधवाल्याला जर्मनमध्ये शिव्या द्यायचे. त्याला कळायच्या नाहीत, आणि मला बरं वाटायचं.

अशात भूपालआण्णा घरी आले. त्यांनी जर्मनीहून एक साचे घालायचं यंत्र मागवलं होतं. कंपनीची अट अशी होती की तुमचा एक माणूस वर्षभर आमच्याकडे शिकायला पाठवा, पण त्याला आमची भाषा बोलता आली पाहिजे. आमचा अधिकारी येईल, तोंडी परीक्षा घेईल आणि एकाला निवडेल. आण्णांनी कामगारांतून सात आणि घरचा एक पुतण्या असे आठ जण निवडले. सुट्टी झाल्यावर कॅन्टीनमध्ये वर्ग. शिकवायला मी.

हिंदुराव त्या आठांतला. तो पॅटर्न करायचा. लोखंडाचा एखादा भाग ओतायचा तर आधी त्याची हुबेहूब लाकडी प्रत करावी लागते. ती वाळूत दाबायची, अलगद काढायची आणि राहिलेल्या पोकळीत रस ओतायचा. ती लाकडी प्रत म्हणजे पॅटर्न. हिंदुरावाच्या हातचा पॅटर्न वाळूतून निघताना कडेचा एक कणही सांडायचा नाही. पण नव्या यंत्राला लोखंडी पॅटर्न लागणार होते, आणि ते तयार होऊन जर्मनीहूनच येणार होते. म्हणजे जो एक माणूस जाऊन येईल तो यंत्रावर उभा राहणार, आणि लाकूडकामाच्या खोलीला कुलूप.

"मग तुझं काय?" मी त्याला एकदा विचारलं होतं.

"माझं काय, बाई? फावडं. वाळू मारायची. बारा वर्साचा आसताना तितनंच वर आलोय, वाट माहिती हाय मला." हसत म्हणाला, पण हात पाठीमागे नेले. तळहातावर सुताराचे घट्टे वेगळे आणि फावड्याचे वेगळे. ते त्याला दाखवायचे नव्हते.

वर्गाच्या पहिल्याच दिवशी तातोबा नावाच्या पन्नाशीच्या मोल्डरनं, म्हणजे वाळूचे साचे भरणाऱ्यानं, एक वाक्य चुकवलं. मी म्हटलं, "चूक." तातोबा उठला, टोपी घातली, वही घडी करून सदऱ्यात कोंबली आणि म्हणाला, "बाईमाणसाकडनं पोरांच्या देखत चूक आयकायला आलो न्हाई मी." गेला तो गेलाच. दुसऱ्या दिवशी आठांचे सात झाले होते, आणि त्या सातांनीही तोंडाला कुलूप लावलेलं. बोलायचं नाही म्हणजे चुकायचं नाही.

मी घरी येऊन रडले. खरं सांगायचं तर रडले नाही, चपात्या करपवल्या. आणि तेवढ्यात आमचे मामंजी माजघराच्या दारात खाकरले.

ज्यांच्या घरी असे सासरे झाले त्यांना हे समजावून सांगायला नको. जुन्या घरांतला वडीलधारा पुरुष आत येताना आधी खाकरायचा. त्याचा अर्थ, मी आलोय, आपापलं सावरा. पदर घसरला असेल तर डोक्यावर घ्या, पाय पसरले असतील तर आवरा. कोण कशी बसली होती ते त्यांनी पाहिलं नाही आणि कुणी बोललंही नाही. नुसतं "ह्म्... ह्म्", आणि ते आत येईपर्यंत सगळं जागच्या जागी.

मी करपलेली चपाती हातात घेऊन उभी राहिले आणि म्हटलं, सापडलं!

तिसऱ्या दिवसापासून कुणी चुकलं की मी खाकरायचे. चूक म्हणायचं नाही, कुणाकडे बघायचं नाही, खिडकीबाहेर नजर लावून "ह्म्... ह्म्". आणि काय सांगू, ती माणसं तीच भाषा ऐकत वाढलेली! खाकरणं आलं की सावरायचं, हे त्यांच्या हाडात होतं. आपल्या लोकांची जर्मनमध्ये पहिली खोड ही की क्रियापद शेवटी जातं. मी पाणी पितो, तसं "इख वासर ट्रिंकऽ". मी खाकरले की मोल्डर जीभ चावून क्रियापद उचलून पुढे आणायचा, "इख ट्रिंकऽ वासर". कुणाचा अपमान नाही, कुणी उठून जात नाही. महिन्याभरात तातोबासुद्धा परत आला. "बाई सुधारल्या म्हनं," असं सांगून मागच्या बाकावर बसला.

माझ्या खाकरण्याला पुढे पुढे अशी काही धार आली की एकदा घसा खरंच बसला होता, तर पोस्टमननं आमच्या दारातून पत्र परत घेऊन पत्ता पुन्हा वाचला. हिंदुरावाची बायको अनसूया सांगायची, "हे घरात मराठीबी चुकीचं बोलाया लागल्यात. मी चुलीच्या धुरानं खोकले तरी म्हनत्यात, थांब, परत सांगतो!"

हसायचो आम्ही. मला ते कौतुकच वाटायचं.

वर्गात सगळ्यांत पुढे हिंदुराव. इंग्रजीचं एक अक्षर त्याला येत नव्हतं, आणि तोच त्याचा फायदा होता. आण्णांचा पुतण्या अभिनंदन इंजिनिअर. तो जर्मन बोलायचा इंग्रजीच्या खांद्यावर बसून. थंडी वाजते म्हणायचं तर तो म्हणायचा "इख बिन काल्ट", म्हणजे मी थंड आहे. जर्मनीत असं म्हटलं की एकतर माणसाला काळीज नाही किंवा तो मेलेला आहे. हिंदुराव सरळ मराठीतून जायचा. मला थंडी वाजते. मला, म्हणजे 'मीअर'. "मीअर इस्ट काल्ट." पहिल्याच फटक्यात बरोबर! जर्मन माणसालाही थंडी आपल्यासारखी बाहेरून येऊन वाजते, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

उकाड्याचंही तसंच. "मीअर इस्ट हाइस", मला उकडतंय. अभिनंदन म्हणायचा, "इख बिन हाइस." त्याचा जर्मनमधला अर्थ मी इथे लिहीत नाही, घरात नातसुना आहेत. मी एवढी खाकरले त्या दिवशी की कॅन्टीनवाल्यानं हळद घातलेलं दूध आणून ठेवलं.

भांडण व्हायचं ते लिंगांवरून. जर्मनमध्ये सूर्य बाई आहे आणि चंद्र बाप्या. हिंदुराव ते ऐकून हतबुद्ध झाला. "सूर्याला लुगडं नेसवलंय व्हय त्येंनी? कोन आयकून घेतंय तितं?"

"सगळं जर्मनी घेतं ऐकून."

"थंड मुलूख. सूर्याला तोंड वर करायला जागाच न्हाई."

अभिनंदन वर्गाला आठवड्यातून एकदा यायचा, तोही केस विंचरत. त्याला माझं खाकरणं कधी लागलंच नाही. त्याला वाटायचं, बाईंना दमा आहे.

तर परीक्षेचा दिवस. लिंडनर नावाचे साठीतले अधिकारी आदल्या संध्याकाळी आले. उंच, वाकलेले, आवाज मऊ आणि अतिशय सभ्य. चैत्राचे दिवस, म्हणजे घरोघर वर्षाची चटणी करायचे दिवस. फाउंड्रीला लागूनच राधाक्काचं मिरची कांडप. तिथलं यंत्र सकाळपासून धडाधडा चाललेलं. आम्हा लोकांची नाकं मिरचीच्या त्या झणझणीत खाटाला सरावलेली, आम्हाला पत्ताही नाही. पण साहेबांच्या घशात ती तांबडी हवा जाऊन बसली. दुसरा कुणी असता तर ठसकला असता, शिंकला असता, सरळ खिडकी लावा म्हणाला असता. हे सभ्य! समोरचा परीक्षा देतोय, त्याला त्रास नको म्हणून खोकला दाबून धरायचे आणि मग दाबलेल्या खोकल्याचं जे होतं ते व्हायचं.

"ह्म्... ह्म्."

हुबेहूब मी.

अभिनंदनची परीक्षा आधी झाली. साहेब त्याच्यापुढेही खाकरले होते, त्याच्या कानावरून गेलं. तो रेटून बोलला, निम्मं चूक, निम्मं बरोबर, आणि बाहेर येऊन आरशासमोर उभा राहिला. बाकीच्या सहा जणांना बोलवायचंच नाही, असं आण्णांनी आधीच ठरवलं होतं. उरले दोघे. जागा एक.

"काय काम करता?" आत साहेबांनी विचारलं.

"इख आर्बाइटऽ मिट होल्त्स." मी लाकडात काम करतो. सुरेख!

"ह्म्... ह्म्."

"इख... मिट होल्त्स आर्बाइटऽ." क्रियापद शेवटी. आठ महिन्यांची मेहनत एका घशाच्या खवखवीनं पाण्यात.

मी बाकाची कड घट्ट धरली.

"इथे फार उकाडा असतो का?"

"या. मीअर इस्ट हाइस." हो, मला उकडतं.

"ह्म्."

मी डोळे मिटले. नको रे बाबा, नको. पण तो गोंधळलेला माणूस शोधत होता की यात चूक काय, आणि त्याला अभिनंदनचं वाक्य आठवलं.

"इख बिन हाइस!" हिंदुराव मोठ्यानं म्हणाला.

राधाक्काच्या कांडपातले दोन ठोके पडले. मग साहेबांना जो ठसका लागला! हसू दाबण्यासाठी खोकला आणि खोकला दाबण्यासाठी हसू, दोन्ही एकदम. आणि प्रत्येक ठसक्याला हिंदुराव नवीन काहीतरी म्हणून बघतोय. एकदा सूर्य पुरुष केला, एकदा चंद्राला बाई केलं. कुणी विचारलंही नव्हतं.

आण्णा माझ्याकडे वळले. त्यांचं हसू गेलं होतं. "बाई, ह्ये काय चाललंय? तुम्ही तर म्हणत हुता, हिंदुराव पैला येनार."

"येणार," मी म्हटलं.

"मला तर अभिनंदनचं नाव घालायला मोकळीक झाली म्हना. घरचंच पोरगं. पर त्यो यंत्राला हात लावायचा न्हाई, मला माहीत हाय. माझी यंत्रावर भिस्त हिंदुरावावर हुती."

"मला आत जाऊ द्या."

"साहेबानं सांगितलंय, कुणी आत यायचं न्हाई. मास्तरीण तर न्हाईच."

तेव्हा मी जे केलं ते आजही कुणाला सांगताना मी थोडं बदलून सांगते, पण इथे खरं लिहिते. मी पार्टिशनला तोंड लावून उभी राहिले. हिशोब सोपा होता. साहेब खाकरले की हा बरोबरचं चूक करतो, मग लगेच मी खाकरले की चुकीचं पुन्हा बरोबर करेल.

"जर्मनीला का जायचं आहे?" साहेब.

"इख म्योख्टऽ लेर्नन." मला शिकायचंय.

"ह्म्... ह्म्," आतून.

"इख लेर्नन म्योख्टऽ."

"ह्म्... ह्म्," बाहेरून मी.

त्यानं माझा आवाज ओळखला. आठ महिने ऐकलेला आवाज, भिंतीआडून. मला वाटलं, आता सावरेल. पण मला काय कळावं! त्याला वाटलं, आधी साहेब नाही म्हणाले आणि आता बाईही नाही म्हणतात. म्हणजे असंही चूक आणि तसंही चूक.

आणि हिंदुराव गप्प झाला.

साहेबांनी दुसरा प्रश्न विचारला. गप्प. तिसरा, अगदी हळू, तोडून तोडून. गप्प. कॅन्टीनमधल्या त्या दुसऱ्या दिवसासारखा गप्प, तोंडाला कुलूप लावलेला.

खुर्ची सरकली. साहेब म्हणाले, आपण दहा मिनिटं थांबू. ते तोंडाला रुमाल लावून मागच्या दारानं अंगणात गेले. इकडच्या दारानं हिंदुराव बाहेर आला. परीक्षेसाठी घातलेला कोरा सदरा पाठीला चिकटलेला. आण्णांकडे न बघता माझ्यासमोर उभा राहिला.

"बाई, नाव काढा माझं."

"हिंदुराव, बस इथे."

"बसत न्हाई. साहेबाला सांगा, अभिनंदनला न्या. मी उद्यापासनं वाळूवर जातो."

"अरे, तुझं एकही वाक्य चुकलं नव्हतं!"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला फसवतेय. "मग साहेब का खाकरलं? आन् तुम्ही?"

"साहेबांच्या घशात मिरची गेलीय. राधाक्काची. ते खोकतायत रे नुसते."

हिंदुराव खाली बसला. बाकावर नाही, जमिनीवरच. मग म्हणाला, "म्हंजी मी मिरचीच्या सांगण्यावरनं वाक्य बदलत हुतो?"

आण्णांना हसू फुटलं, पण हिंदुरावाच्या तोंडाकडे बघून त्यांनी ते आवरलं.

"बाई, एक इचारू?"

"विचार."

"माझं बरूबर आलं, की तुम्ही काय करायचा?"

मी आठवून पाहिलं. "काही नाही. पुढे जायचे."

"त्येच की." तो जमिनीवर बोटानं रेघ ओढत होता, सुतार ओढतो तशी, सरळ. "चुकलं की तुम्ही खाकरायचा. न्हाई खाकरला, की मी समजायचं बरूबर. पर मला कसं कळावं, बरूबर हाय म्हनून गप बसलाय, का तुमचं ध्यान खिडकीतनं भाइर हाय? आठ म्हैनं मी येकेक वाक्य बोललोय आन् वाट बघितलीय, आत्ता खाकरतील, आत्ता खाकरतील. न्हाई खाकरला, की वाटायचं, चुकलंच आसंल, बाई दमल्यात आज."

मी शिकवत होते त्याबद्दल लोक माझं कौतुक करायचे. मीही करायचे. किती हळुवार रीत, कुणाला दुखवलं नाही! आणि हा माणूस आठ महिने बरोबर बोलत होता आणि ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ज्याला चुकीचीच खूण माहीत आहे त्याला जगातला प्रत्येक आवाज चुकीचाच वाटणार, नाही का?

"उकडतंय म्हणालास ना आत? पहिल्यांदा?" मी विचारलं.

"मीअर इस्ट हाइस."

"बरोबर."

त्यानं मान वर केली.

"लाकडात काम करतो म्हणालास. बरोबर. शिकायचंय म्हणालास. बरोबर. नाव सांगितलंस तेही बरोबर, ते तरी तुझं तुला माहीत होतं!"

"समदी?"

"पहिली सगळी. एकूण एक. बदललेली सगळी चूक."

त्यानं तोंडावरून हात फिरवला. आतून मागचं दार वाजलं, साहेब परतले होते. हिंदुराव उठला, सदरा ओढून नीट केला आणि दारापाशी थांबला.

"बाई, रागवू नगा. तुम्ही हितं बसू नगा."

"मी नाही खाकरणार. शपथ."

"तुम्ही न्हाई खाकरला, तरी मी तुमच्या न खाकरन्याकडं ध्यान दीन. लांब जावा. जितनं मला आयकू येनार न्हाई, तितं जावा."

आण्णा माझ्याकडे आणि मी आण्णांकडे. मग मी पदर खोचला आणि निघाले.

कुठे जाणार? शेजारी राधाक्काचं कांडप. मी तडक तिच्यासमोर उभी राहिले. "राधाक्का, घटकाभर यंत्र बंद कर. हात जोडते."

राधाक्का तोंडाला फडकं गुंडाळून बसलेली, नुसते डोळे दिसत होते, तेही लाल. "का वो सरनोबतबाई? कोन मेलंय?"

"कुणी मेलं नाही. परीक्षा चाललीय."

"चालू दे की! माझ्या यंत्रात धा किलो ब्याडगी पडलीय. मधीच थांबवली, की चटनी जातीया काळी. कुनाच्या वर्साच्या कोरड्यासाचा, भाजी-आमटीचा प्रश्न हाय बाई, परीक्षा काय पुन्ना हुतीया."

"ही पुन्हा होत नाही, राधाक्का."

तिनं मला नीट बघितलं. यंत्र थांबवलं नाही, पण शेजारचं पोतं झटकून दिलं. "बसा. उभं ऱ्हाऊन लौकर हुनार हाय का?"

मी बसले. समोर लोखंडी मुसळ वर जायचं आणि खाली यायचं. वर गेलं की मला वाटायचं, आत साहेब खाकरले. खाली आलं की वाटायचं, यानं वाक्य बदललं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाकातून वाहत होतं, आणि चार बायका चाळणीवर बसून माझ्याकडे बघत होत्या. एकीनं विचारलं, "कोन वो परीक्षेला? ल्योक?"

"नाही."

"मग येवडं?"

माझा कुणी नव्हता तो. फक्त त्याच्या कानात मी आठ महिने एक भीती बसवली होती, आणि आता ती काढायला मला आत जाता येत नव्हतं.

ब्याडगी संपली, चाळली गेली, डब्यात भरली गेली. दुसरी मिरची पडली. मग दारात सावली आली. हिंदुराव. चेहऱ्यावरून काही कळेना. हा माणूस पॅटर्न चांगला झाला तरी असाच उभा राहायचा आणि मोडला तरी असाच.

"काय झालं?" मी ओरडले, यंत्राच्या आवाजावर.

"बसताच खाकरलं साहेब."

"मग?"

"मी म्हनालो हुतो, घरात दोन पोरी हायत. वाक्य बोललो आन् साहेब खाकरलं. दुसरं वाक्य माझ्या जिभंवर आलंबी हुतं."

"आणि?"

"गिळलं." त्यानं आवंढा गिळून दाखवला. "लई कडू लागलं. साहेब पुन्ना खाकरलं. पुन्ना गिळलं. तिसऱ्यांदा खाकरलं, तवा मी त्येंच्याकडं बघितलं. बाई, आठ म्हैन्यांत मी खाकरनाऱ्याच्या तोंडाकडं कदी बघितलंच नव्हतं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पानी आलं हुतं वो! बिचाऱ्याचा घसा पार सोलून निगालेला. मग मी खिशातनं गुळाचा खडा काढला."

वाळूच्या धुळीनं घसा धरतो म्हणून ओतकामातली माणसं खिशात गूळ ठेवतात.

"तसाच दिलास?"

"भुसा झटकला की! म्हटलं, बिट्टऽ. फ्युअर डेन हाल्स." घ्या, घशासाठी. "साहेबानं घेतला, तोंडात टाकला आन् चघळत बसलं. मग मी बोलतच सुटलो. लाकूड, वाळू, रस, पोरी, समदं. मधी चुकलोबी आसंन, चार-दोन जागी चुकल्यागत वाटलं मला. पर कोन खाकरनार? साहेबाचं तोंड गुळानं भरलेलं."

राधाक्का पहिल्यांदा हसली. फडक्याआडून.

"हिंदुराव," मी म्हटलं, "निकाल सांग. माझा जीव जाईल आता."

"ऑगस्टात जायाचं. आण्णास्नी सांगितलं साहेबानं, माझ्या देखत."

चाळणीवरच्या बायकांनी काही न कळता टाळ्या वाजवल्या. मी पदरानं डोळे पुसले. हिंदुरावही माझ्या समोरच्या पोत्यावर टेकला. आता तो हसेल असं मला वाटलं. पण त्याचं तोंड उतरत चाललं. ऑगस्ट. विमान. वर्षभर कुणीही मराठी बोलणार नाही. अनसूया, दोन पोरी. हे सगळं त्याच्या डोक्यात त्याच क्षणी एकेक करून उतरत असावं. आतापर्यंत जायला मिळणार नाही याची धास्ती होती, तिच्या आड हे लपलं होतं.

"बाई," तो म्हणाला. आणि मग जर्मनमध्ये, हळूच, बायकांना कळू नये म्हणून असेल, "मीअर इस्ट आंग्स्ट."

मला भीती वाटते.

माझ्या पुस्तकात ते वाक्य तसं नव्हतं. पुस्तकात 'इख हाबऽ आंग्स्ट' होतं, म्हणजे माझ्याकडे भीती आहे. हिंदुरावानं पुस्तक बाजूला ठेवून आपल्या नेहमीच्या वाटेनं केलं होतं. मला थंडी वाजते, मला उकडतं, मला भीती वाटते. जर्मन माणसं असंही म्हणतात, अगदी शुद्ध आहे, हे मला पुढे सतरा वर्षांनी एका जाडजूड कोशात सापडायचं होतं. त्या क्षणी माझ्या लेखी ते साफ चूक होतं. घशात खवखव सुरू झाली. निम्मी मिरचीची, निम्मी सवयीची. मी दोन्ही गिळल्या. लई कडू लागलं, हिंदुराव म्हणाला होता ते खोटं नव्हतं.

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. सरळ, थेट.

"बरोबर," मी म्हटलं.

"बरूबर हाय न्हवं?" हिंदुराव पोत्यावर जरा सैलावून बसला. "मग वाटू दे भीती."